ब्रेकबाईची दोन मुलं

आमच्या भागात कुणी चारचाकी एका दमात मागे घेऊन दोन गाड्यांच्या मधे बसवत असेल, तर खुशाल समजा की तो आमच्या आईच्या हाताखालून गेलाय. आणि तसं करताना तो स्वतःशीच काहीतरी पुटपुटत असेल, तर शंकाच नको. आईची बोलणी पाठ झाल्याशिवाय तिच्याकडून कुणी गाडी शिकून बाहेर पडत नाही. "अहो, आरसा काय भांग पाडायला दिलाय?" "क्लच आहे तो, झुरळ नाही. हळू सोडा!" "उजवीकडे म्हणजे तुमच्या उजवीकडे हो, माझ्या मनातल्या नाही!" बँकेचे मॅनेजर असोत की कॉलेजची पोरगी, सगळ्यांना एकच माप.

तिचं ड्रायव्हिंग स्कूल आहे. पस्तीस वर्षं झाली. गाडी एका वेळी एकच, आणि त्या गाडीत तिच्या पायाशीही एक क्लच आणि एक ब्रेक. तो ब्रेक ती असा दाबते की शिकणाऱ्याचं कपाळ स्टिअरिंगला भेटून येतं. म्हणून गावभर तिचं नाव पडलं ब्रेकबाई. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही, पण तिला ते ठाऊक आहे आणि मनातून आवडतंसुद्धा. माझं विचाराल तर मी त्याच स्कूलमधे शिकवते. खाली पुढच्या खोलीत ऑफिस, मागे रस्त्यावरच्या खुणांचे तक्ते लावलेला वर्ग, त्यामागे गाडी मागे घ्यायची सवय करायला दोन पिंपं ठेवलेलं अंगण, आणि वरच्या तीन खोल्यांत आम्ही दोघी. घर तिच्या वडिलांनी तिच्या नावावर केलेलं. माझं लग्न मोडलं तेव्हा नऊ वर्षांपूर्वी मी इथेच परत आले. तिने एक प्रश्न विचारला नाही. फक्त म्हणाली, "उद्या सकाळी सातची बॅच तू घे."

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे गोंधळ नको. मी तिच्या पोटची नाही. माझी जन्म देणारी आई मी सहा वर्षांची असताना गेली. बाबा छापखान्यात प्रूफं तपासायचे. दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात ज्यांची हयात गेली, त्या माणसाने गाडी शिकताना एकही चूक करायची बाकी ठेवली नाही. परीक्षेत चार वेळा नापास झाले. पाचव्यांदा पास झाले आणि महिन्याभरात शिकवणाऱ्या बाईंशी लग्न केलं. मला कायम वाटायचं, बाबा मुद्दाम नापास होत असणार. आई म्हणते, "छे गं, ते खरंच इतकं वाईट चालवायचे."

तिचाही पहिला नवरा वारलेला होता, आणि पदरात सहा वर्षांचा मुलगा. तो बारक्या. आज एकोणचाळीस वर्षांचा आहे, दारातून वाकून यावं लागतं, पण आहे बारक्याच. तेव्हा मी नऊ वर्षांची. तेहेतीस वर्षांपूर्वी असे आम्ही चौघे एका घरात आलो, आणि त्या घरात एका शब्दाला बंदी झाली. सावत्र. कुणी पाहुणी कौतुकाने म्हणाली की "सावत्र असून किती जीव लावते हो," की आईचा चेहरा असा व्हायचा की पाहुणीचा चहा अर्धाच राहायचा. शाळेच्या, दवाखान्याच्या, वाचनालयाच्या, जिथे जिथे म्हणून अर्जात मुलांची संख्या विचारली, तिथे तिथे तिने लिहिलं, दोन. आमच्यापैकी एकाने काच फोडली तर बोलणी दोघांना. तक्रार केली की म्हणायची, "दोन मुलं आहेत मला. अर्ध्या अर्ध्या शिव्या देत बसायला वेळ नाही."

बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. गेल्या वर्षी जिना चढताना आई मधेच थांबायला लागली. मी विचारलं तर म्हणे, "थांबले नाहीये, विचार करतेय." रोज बाराव्या पायरीवर कसला विचार करतात? ओढत नेली डॉक्टरांकडे. ते कागदावर हृदयाचं चित्र काढून समजावू लागले की इथे एक झडप असते, ती नीट मिटत नाही, म्हणून रक्त... आईने त्यांना मधेच तोडलं. "व्हॉल्व्ह गळतोय. बदला. पार्ट चांगल्या कंपनीचा टाका." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. अकरा दिवसांनंतरच्या गुरुवारची तारीख ठरली.

बातमी फुटली आणि दुसऱ्याच दिवशी हाफ-क्लच भेटायला आला. हाफ-क्लच म्हणजे आमचे वकील. मोठं ऑफिस आहे, हाताखाली चार माणसं आहेत, पण वीस वर्षांपूर्वी त्याला चढावर गाडी थांबवून हाफ-क्लचवर उचलायला दोन महिने जमत नव्हतं, ते नाव काही सुटलं नाही. तो खुर्चीच्या टोकावर बसला आणि घसा खाकरून म्हणाला, "बाई, राग मानू नका. मृत्युपत्र केलंय का?"

"कशाला?" आई म्हणाली. "दोन मुलं, घराचे दोन हिस्से. शाळा ही चालवते, तर शाळा हिची. त्यात लिहायचं काय?"

हाफ-क्लचने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. मला माहीत होतं हो. बाबांच्या वेळी कागदपत्रं करताना मला ते कळलं होतं, आणि सहा वर्षं मी ते गिळून बसले होते. ज्या बाईने तुम्हाला वाढवलं, तिला "तुझ्यानंतर माझं काय?" असं कोणत्या तोंडाने विचारणार?

"बाई," तो म्हणाला, "तुम्ही काही लिहून ठेवलं नाही, तर कायद्याच्या नजरेत तुमचं मूल एकच. मुलगा."

आई उठली. जिना चढून वर गेली, बाराव्या पायरीवर थांबली, आणि एक जाडजूड फाईल घेऊन खाली आली. माझा शाळेचा प्रवेशाचा कागद, लशींचं कार्ड, टॉन्सिलच्या ऑपरेशनची संमती, वाचनालयाचा अर्ज, सहलीचं परवानगीपत्र. सगळीकडे तिचीच सही, आणि नातं या रकान्यात ठसठशीत अक्षरात 'आई'. तेहेतीस वर्षं तिने ते कागद जपून ठेवले होते, का तर वेळ आली की ते दाखवले म्हणजे झालं. तिची अगदी पक्की समजूत होती.

"हे बघ. आणि आता सांग, एक की दोन?"

हाफ-क्लचने बिचाऱ्याने प्रत्येक कागद वाचला. मग अगदी हळू म्हणाला, "बाई, हे सगळं खरं आहे. पण यात दत्तकपत्र कुठेच नाही."

"दत्तक?" आई कडाडली. "घरातल्याच पोरीला दत्तक कोण घेतं?"

त्याने कायदा पुन्हा एकदा समजावला, तेव्हा कुठे तिला पटलं. पण एक खरं, बाई एकदा पटलं की वेळ घालवत नाही. "बरं. लिही मग. तूच लिही आणि लवकर लिही." तिसऱ्या दिवशी तो मसुदा घेऊन आला. मुद्दे चोख होते. घर दोघांना निम्मं निम्मं, विकायचं तर दोघांच्या सह्यांनी, मला हवं तोवर तिथे राहायचा हक्क, आणि स्कूल व गाडी माझी. आई चष्मा लावून वाचत होती, मान डोलवत होती. दुसऱ्या पानावर मान थांबली.

"हे काय लिहिलंयस? 'माझी सावत्र मुलगी'?"

"नातं लिहावं लागतं, बाई."

"मग 'मुलगी' लिही."

"ते कागदावर खोटं ठरेल. उद्या कुणी उभा राहून म्हणेल, या बाईला मुलगी नव्हतीच, काय सही करतोय हे त्यांना कळतच नव्हतं. सगळा कागद लटकेल."

"कोण उभा राहणार? बारक्या?"

"बारक्या नाही हो. पण माणसाचे दिवस बदलतात, सल्ला देणारे बदलतात. तुम्हीच शिकवलंत ना, समोरचा नीट चालवेल असं कधी धरून चालायचं नाही?"

आईला तिचीच शिकवण ऐकवलेली आवडत नाही. "नुसतं नाव घाल."

"मग विचारतील, ही कोण? भाडेकरू?"

"सही नाही करणार," आई म्हणाली, आणि तिने चष्मा काढून ठेवला. विषय संपला. चार मसुदे झाले. एकात 'मानसकन्या' लिहिलं होतं, तर म्हणे, "मी काय नाटक लिहितेय?" एकात 'सांभाळलेली मुलगी' होतं, तर म्हणे, "मांजर आहे का ती?" पाच दिवस गेले. हाफ-क्लचने हात टेकले. आणि मी? मी आपली सातची बॅच घेत होते, आठची घेत होते आणि रात्री नीट झोपत नव्हते. तिला काही होईल या भीतीने तर झोप उडालीच होती. पण खरं सांगू? बेचाळिसाव्या वर्षी डोक्यावरचं छप्पर आणि हातातलं काम एकाच गुरुवारी जाईल, ही भीतीही होती. आणि असल्या वेळी आपण घराचा विचार करतो याची लाज वाटायची, ती वेगळीच.

तशात बारक्याचा फोन आला. तो दूर दुसऱ्या देशात असतो, तिकीट काढलं होतं, येणार होता. म्हणाला, "ताई, तू कशाला टेन्शन घेतेस गं? कागद नाही झाला तरी काय बिघडलं? मी तुला देईन ना तुझा हिस्सा."

मी "हो" म्हटलं, फोन ठेवला, आणि खाली जाऊन धुतलेली गाडी परत धुतली. इतकी घासली की छतावरच्या पाटीतलं 'ड्रा' पुसट झालं. बारक्या सोन्यासारखा आहे, त्याने दिलंही असतं. पण मला ते त्याच्याकडून घ्यायचंच नव्हतं. भावाने मोठं मन केलं म्हणून मी राहते, असं मला माझ्याच घरात राहायचं नव्हतं. मला आईने दिलेलं हवं होतं. लहान मुलीसारखा हट्ट म्हणा, म्हणा काय म्हणायचं ते.

मंगळवारी तिला तपासण्यांसाठी घेऊन निघाले. मी चालवत होते, ती शेजारी, तिच्या नेहमीच्या जागी. गाडीत बसली की ती मालकीण. "इंडिकेटर उशिरा दिलास. तो सायकलवाला बघ." मी बघत होते. मी बावीस वर्षं गाडी चालवतेय हो! माझं डोकं आधीच तापलेलं, त्यात तिसऱ्या चौकात ती म्हणाली, "आणि त्या हाफ-क्लचला सांग, पाचवा मसुदा आणू नकोस म्हणावं."

झालं. माझा तोल गेला. "लिही ना मग सावत्र!" मी ओरडले. "आहेच मी सावत्र! नाहीये का? एका शब्दासाठी मला रस्त्यावर काढणार आहेस का तू? मला घर हवंय! शाळा हवी आहे! मला नाही काही वाटत त्या शब्दाचं! अजिबात नाही वाट..."

गाडी जागच्या जागी थांबली. तिने तिचा ब्रेक दाबला होता. भर रस्त्यात. माझं कपाळ स्टिअरिंगला भेटून आलं, मागे हॉर्नचा नुसता गदारोळ, एका रिक्षावाल्याने आमचा उद्धार केला.

"गाडी चालवताना भांडायचं नाही," ती शांतपणे म्हणाली. "आरशात बघ. सिग्नल दे. चल."

हॉस्पिटल येईपर्यंत ती एक अक्षर बोलली नाही. सायकलवाल्यावरसुद्धा नाही. मी मात्र मनातल्या मनात स्वतःला बदडत होते. दोन दिवसांवर जिचं ऑपरेशन, तिच्यावर असं ओरडतं का कुणी? माफी मागायला तोंड उघडलं की ती बोट दाखवायची, पुढे बघ.

बुधवारी तिला भरती केलं. सहा खाटांची खोली, तिची खिडकीजवळची. तासाभरात तिचं पलीकडच्या खाटेवरच्या आजींच्या जावयाला हॉस्पिटलच्या आवारात गाडी कशी लावू नये ते सांगून झालं होतं. दुपारी बारक्या थेट विमानतळावरून बॅग घेऊनच आला आणि वाकून तिच्या गळ्यात पडला. तिने त्याला दोन मिनिटं कुरवाळलं आणि मग मला म्हणाली, "जा, ती रक्ताची चिठ्ठी खालून घेऊन ये. आणि सावकाश ये." सावकाश ये, हे तिच्या तोंडून मी जन्मात ऐकलं नव्हतं.

परत आले तर हाफ-क्लच खाटेपाशी उभा. हातात ताजे छापलेले कागद, चेहऱ्यावर काहीतरी चमत्कारिक हसू. साक्षीदार म्हणून वॉर्डच्या सिस्टर आणि तो शेजारचा जावई. ज्यांना त्या कागदातून काही मिळत नाही अशी माणसं साक्षीला लागतात, आणि त्या जावयाला बोलण्यांखेरीज आईकडून काहीच मिळालेलं नव्हतं.

"सगळ्यांसमोर वाच," आई म्हणाली. "स्पष्ट वाच. तोंडातल्या तोंडात नको."

तो वाचू लागला. घर दोघांना निम्मं. विकायचं तर दोघांच्या सह्या. मग माझं पूर्ण नाव आलं, जन्मतारीख आली, ओळखपत्राचा नंबर आला, आणि पुढे, "हिला, म्हणजे माझ्या दिवंगत पतीच्या मुलीला..."

मी मान वर केली. एवढंच. पुढे काही नाही, मागे काही नाही. बाबांची मुलगी. अक्षरन् अक्षर खरं.

मग बारक्याचं नाव आलं, त्याची जन्मतारीख, त्याचा नंबर, "यास, म्हणजे माझ्या पोटच्या मुलाला, जो माझ्या दिवंगत पतीचा सावत्र मुलगा आहे..."

"आई!" बारक्या उडालाच. "मी सावत्र?"

"बाबांचा. होतास की नव्हतास?"

"होतो, पण..."

"पण काय?" तिने त्याच्याकडे नीट बघितलं. "तेहेतीस वर्षांत कधी वाटलं तुला तसं?"

बारक्या खाटेच्या कडेला बसला. बाबांनी त्याला सायकल शिकवली होती, त्याची दहावीची उत्तरं लाल पेनाने तपासली होती, त्याच्या लग्नात त्याच्यापेक्षा जास्त रडले होते. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"कधीच नाही," तो म्हणाला.

"म्हणून तो शब्द तुला लावलाय." आईने चादर सारखी केली. "या हाफ-क्लचला कायदा हवा, त्या शब्दाशिवाय भागत नाही म्हणतो. मग घाल म्हटलं, पण ज्याला टोचणार नाही त्याच्या नावापुढे घाल."

हाफ-क्लच म्हणाला, "दोन्ही नाती खरी आहेत, दोन्हींना पुरावे आहेत. कुणाला बोट ठेवता येणार नाही. मला चार मसुद्यांत हे सुचलं नाही."

"तुला हाफ-क्लच तरी कुठे सुचला होता दोन महिने?"

सगळे हसले. सिस्टरसुद्धा. मी हसायचा प्रयत्न केला आणि म्हणाले, "अगं, पण मलाही काही वाटलं नसतं. मी तुला गाडीत सांगितलं ना..."

"गप बस," आई म्हणाली. आवाज नेहमीचाच, पण एकदम खाली आलेला. "ओरडत होतीस तेव्हा हनुवटी थरथरत होती तुझी. मी शेजारी बसून नुसता रस्ता बघते असं वाटतं काय तुला?"

हाफ-क्लच खिसे चाचपत होता, त्याचं पेन सापडेना. बारक्याने आपल्या शर्टाच्या खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि स्वतः आईच्या हातात दिलं. तिने चष्मा लावला आणि सही केली, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, एकही न गाळता. आणि मी तिथेच, सहा खाटांच्या त्या खोलीत, असं काही भोकाड पसरलं की पलीकडच्या आजी जावयाला विचारू लागल्या, उद्या ऑपरेशन नक्की कुणाचं आहे.